ढगाळ दिवसाचं माप

परतीच्या प्रवासात पहिला अर्धा तास एकमेकींशी एक शब्दही बोलायचा नाही, असं मी आणि लेकीनं सकाळीच ठरवून टाकलं होतं. दिवसभर एक तंत्र विद्यापीठ पाहून आलो होतो. दोघींकडे आपापल्या वह्या होत्या. डोक्यात ताजं आहे ते आधी वहीत उतरवायचं, मग वह्यांची अदलाबदल करायची आणि मगच तोंड उघडायचं.

ही सवय मला कामानं लावली. मी बावीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे मापं तपासण्याच्या कामात आहे. एखाद्या जॉबच्या, म्हणजे घडवलेल्या वस्तूच्या, मापाबद्दल शंका आली की आम्ही तो दोघांकडून मोजून घेतो आणि पहिल्याचं रीडिंग दुसऱ्याला सांगत नाही. सांगितलं की दुसऱ्याची नजर बरोबर त्याच रेषेवर जाऊन बसते. लबाडी कुणालाच करायची नसते, मनच आधीच्या आकड्याकडे झुकतं. मायलेकींमध्ये तर हे झुकणं केवढं असेल! मी फाटकाबाहेर पडल्या पडल्या "छान आहे गं" म्हटलं असतं, तर तिनं दिवसभर पाहिलेलं सगळं त्या एका 'छान'भोवती गोळा झालं असतं.

अर्ध्या तासानं वह्या बदलल्या. माझी चार पानं भरली होती, तिचं जेमतेम दीड. एकाच फाटकातून आत गेलो होतो खरं, पण वाचताना वाटत होतं की दोघींनी दोन वेगळी विद्यापीठं पाहिली.

त्या विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही. एका दिवसाच्या पाहण्यावरून कुणावर शिक्का मारणं मला पटत नाही, आणि मला जे सांगायचंय तेही मुळात त्या एका दिवसाचं वजन किती धरायचं याबद्दलच आहे.

माझ्या वहीतली पहिली नोंद आभाळाची आहे. 'सकाळी दहा. पूर्ण ढगाळ. पाऊस नाही.' उरी सिमॉनसन या संशोधकाचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी वाचला होता, तेव्हापासून ही नोंद करायचं मनात होतं. अभ्यासासाठी नावाजलेल्या, पण मौजमजेसाठी फारशा प्रसिद्ध नसलेल्या एका विद्यापीठाला भेट देऊन गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती त्यांनी घेतली. प्रत्येकानं ज्या दिवशी भेट दिली त्या दिवशीच्या आभाळाशी ती ताडून पाहिली. भेटीच्या दिवशी ढग जास्त असतील, तर पुढे तिथेच प्रवेश घेण्याची शक्यता जास्त निघाली. ढगाळपणा एका प्रमाण विचलनानं (एरवी दिवसादिवसात जेवढा फरक पडतो साधारण तेवढ्यानं) वाढला की ही शक्यता ९ टक्के अंकांनी वर. आभाळ भरून आलेलं असलं की बाहेर हुंदडण्याची ओढ कमी होते आणि अभ्यासाची जागा जास्त जवळची वाटते, असा त्याचा अर्थ लावला गेला. लख्ख उन्हात तेच वाचनालय कोंदट वाटतं.

आयुष्याची चार वर्षं कुठे घालवायची याचा निर्णय ढगांनी हलावा, याचं मला वाईट वाटलं होतं. पण मोजमाप करणाऱ्या माणसाला हे अनोळखी नाही. धातूच्या वस्तूची लांबी सांगताना आम्ही तापमान २० अंश सेल्सिअस धरतो. १९३१ साली हे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. मीटरभर लांबीची पोलादी पट्टी दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉननं वाढते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पट्टी तीच, मोजणारा तोच, पण खोली तापली की आकडा वेगळा येतो. म्हणून शिस्तीचा माणूस मापाशेजारी तापमान लिहून ठेवतो. आभाळ मी त्याच हिशेबानं लिहिलं.

सकाळचा पहिला तास सभागृहात गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पडद्यावर हिरवळ, हवेत उडवलेल्या पदवीदानाच्या टोप्या, ड्रोननं वरून टिपलेल्या इमारती. सगळ्यात मोठ्या अक्षरांत प्लेसमेंटच्या सरासरी पगाराचा आकडा होता. तिथे मात्र मी थांबले. दहा जणांपैकी नऊ जणांना ५ मिळाले आणि एकाला ५५ मिळाले, तर सरासरी १० येते, आणि १० तर कुणाच्याच हातात पडलेले नसतात. रांगेतल्या मधल्या माणसाला काय मिळालं हे सांगणारा मध्यक इथे ५ आहे. मी हात वर करून मध्यक विचारला, आणि तो किती मुलांवरून काढला तेही. व्यासपीठावरच्या प्राध्यापकबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आत्ता माझ्याकडे नाहीये. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. ईमेल द्या, मी पाठवते." या उत्तराखाली मी वहीत दोन रेघा मारल्या. जे हाताशी नाही ते 'नाही' म्हणून सांगणारं माणूस समोर असलं, की बाकीच्या आकड्यांवरही थोडा विश्वास बसतो.

कागदावर कळण्यासारखं सगळं आम्ही घरूनच पाहून गेलो होतो. अभ्यासक्रम, विषयांचे तास, मूल्यांकन कधीपर्यंत वैध आहे, १९८९ च्या वॉशिंग्टन करारानुसार ती पदवी इतर देशांत समकक्ष धरली जाते का, हे सगळं. त्यासाठी पायपीट करायची गरज नसते. प्रत्यक्ष जाण्याचा दिवस कागदावर न येणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवावा.

सभागृहानंतर आम्हाला नव्या इमारतीत नेलं. काचेची, उंच, आतून पांढरीशुभ्र. आत शिरल्याबरोबर लेकीची चाल बदलली, मला कळलं. माझीही बदलली असणार. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या सगळ्यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. पण एका बाबतीत चांगले गुण मिळालेल्याला बाकी बाबतींतही चांगलेच गुण मिळालेले दिसले, आणि तेही खरे वाटू नयेत इतके जुळणारे. एका गुणाची प्रभावळ बाकीच्या गुणांवर पडते. काचेच्या इमारतीची प्रभावळ तर फारच मोठी असते. तिथे शिकवतही चांगलंच असतील, असं वाटायला लागतं आणि आपल्याला तसं वाटलं हेही लक्षात येत नाही.

दुसऱ्या मजल्यावर मेट्रॉलॉजीची, म्हणजे मोजमापशास्त्राची, लॅब होती. ही तर माझीच जागा. काळ्या ग्रॅनाइटची सपाट सरफेस प्लेट, कोपऱ्यात सीएमएम हे मापं घेणारं यंत्र, कपाटात ओळीनं बारीक मापाचे मायक्रोमीटर. टेबलावर स्लिप गेजची लाकडी पेटी. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लिप गेज म्हणजे घासून घासून आरशासारखे केलेले पोलादी ठोकळे. दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की गोंद नसताना चिकटतात, आणि अशी थप्पी लावून हवं ते माप उभं करता येतं. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांना १८९६ साली ही कल्पना सुचली आणि जगभरातल्या कारखान्यांची मापं एकमेकांशी जुळू लागली. पहिल्यांदा दोन ठोकळे बोटांखाली चिकटले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो दिवस अजून आठवतो.

मी परवानगी घेऊन पेटी उघडली. प्रत्येक ठोकळा आपापल्या खाचेत, वर ग्रीसचा पातळ पिवळट थर. कारखान्यातून निघताना लावलेला तोच थर, जसाच्या तसा. एकाही ठोकळ्यावर बोटाची खूण नाही. पेटीच्या मखमलीवर दाब पडलेला नाही.

लेकीच्या वहीत या पेटीबद्दल लिहिलं होतं: 'सगळं एकदम स्वच्छ आणि नीट ठेवलेलं.' माझ्या वहीत लिहिलं होतं: 'कधीच वापरलेली नाही.'

भिंतीवरचा तापमापक २६ अंश दाखवत होता. तिथे बसलेल्या मुलाला मी विचारलं, इथे मोजलेलं माप बरोबर येईल का? तो पटकन म्हणाला, "मॅडम, स्टँडर्ड टेंपरेचर २० असतं." बरोबर आहे. सहा अंशांच्या फरकानं १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा जवळपास ७ मायक्रॉन वाढतो. चांगल्या प्रतीच्या ठोकळ्याची स्वतःची चूक मात्र एका मायक्रॉनच्याही आत असते. पण मोजायचा जॉबसुद्धा पोलादाचाच असेल आणि दोघंही त्याच खोलीत पुरेसा वेळ पडून असतील, तर दोघंही सारखेच वाढतात आणि फरक आपापसात जिरतो. जॉब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर जिरत नाही. मी हे पुढचं विचारलं तेव्हा तो गप्प झाला. दोष त्याचा नाही. ज्यानं ते ठोकळे कधी हातात घेतले नाहीत, त्याच्यासाठी २० हा आकडा परीक्षेत लिहायचा आकडा आहे. हातात घेतलेल्याला तो तळहाताच्या उबेतून कळतो, कारण ठोकळा फार वेळ धरला की माप हलायला लागतं.

वर्कशॉप ठरलेल्या फेरीत नव्हतं. आम्हाला फिरवणारा विद्यार्थी म्हणाला, "ते जुनं आहे, मागे. तिथे विशेष काही नाही." आम्ही आग्रह धरला.

पत्र्याच्या छपराची लांबच लांब शेड. आत सात लेथ, म्हणजे जॉब गोल फिरवून कातणारी यंत्रं, तीन मिलिंग मशीन, फिटिंगची लाकडी टेबलं आणि त्यांना जखडलेले व्हाइस, म्हणजे जॉब पकडायचे शिकंजे. दुपारची बॅच सुटून गेली होती. जमिनीवरचा चुरा झाडून कोपऱ्यात लावलेला. मी पहिल्याच लेथपाशी थांबले. हत्यार आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलवरचं काळं प्लास्टिक बोटांनी घासून पार गुळगुळीत झालेलं. शेजारच्या डायलवरचे आकडे वर्षानुवर्षांच्या अंगठ्यांनी पुसट झाले होते, आणि कुणीतरी बारीक पंच घेऊन ते एकेक करून पुन्हा ठोकले होते. थोडे वाकडे, पण स्पष्ट. नवं डायल मागवायला एक कागद लागतो. पण उद्याच्या बॅचची मुलं अडू नयेत म्हणून शंभर बारके आकडे हातानं ठोकायला कुणीतरी संध्याकाळी थांबलेलं असतं.

ते थांबलेलं माणूस तिथेच होतं. निवृत्तीला आलेले इन्स्ट्रक्टर, निळा कोट, कानाला पेन्सिल. लेकीनं त्यांना विचारलं, "सर, पहिल्या वर्षाला काय करायला देता?" त्यांनी तयार जॉब दाखवले नाहीत. बाकाखालची लाकडी पेटी पायानं पुढे ओढली. आत बिघडलेले जॉब होते, चाळीस-पन्नास तरी. प्रत्येकावर पिवळ्या रंगानं रोल नंबर आणि फुली. भिंतीला एक लांब वही टांगलेली होती. ज्याचा जॉब बिघडेल त्यानं स्वतःच्या हातानं त्यात कारण लिहायचं, असा इथला शिरस्ता. मी दोन नोंदी उतरवून घेतल्या. 'रोल नं. १२. चक पुरता आवळला नव्हता. जॉब हलला.' आणि दुसरी: 'रोल नं. ३७. २५.१३ होतं. ०.१३ काढायचं होतं. डायलवर ०.१३ दिलं. डायल त्रिज्येचं आहे हे विसरलो. २४.८७ झालं.'

लेथवर काम केलेल्या प्रत्येकानं ही चूक एकदा तरी केलेली असते. जॉब गोल फिरत असतो, हत्यार एका बाजूनं जेवढं आत शिरतं तेवढी धातू सगळीकडून निघते, म्हणजे व्यास दुप्पट उतरतो. कागदावर शाळकरी मुलालाही हे समजतं. हातात मात्र ते एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, वाया गेल्यावरच येतं. माप जास्त राहिलं तर अजून काढता येतं, कमी झालं तर परत लावता येत नाही.

अशा ठरावीक जॉबांमधून शिकवण्याला मोठा इतिहास आहे. मॉस्कोच्या शाही तांत्रिक शाळेत व्हिक्टर देला-वोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरीचे सुटे सुटे भाग पाडले. घासणं, कातणं, जोडणं, प्रत्येकाचे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे नमुने, आणि शिकण्याचं वर्कशॉप विक्रीच्या वस्तू करणाऱ्या वर्कशॉपपासून वेगळं. हे नमुने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडले होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि परतल्यावर आपल्या संस्थेत वर्कशॉपचं शिक्षण सुरू केलं. एमआयटीच्या बोधवाक्यात मन आणि हात दोन्ही आहेत. पण हात नेमके कसे शिकवायचे याची पद्धत त्यांनी एका प्रदर्शनातल्या टेबलावरून उचलली, हे मला फार लोभस वाटतं. देला-वोस यांच्या वर्गीकरणात मला सगळ्यात आवडते ती शिकण्यासाठी वेगळी जागा ही कल्पना. जिथे वस्तू विकायची नसते, तिथेच चूक करायला परवानगी असते.

उलट बाजूही सांगायला हवी. पॅरिसला १७९४ साली स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निकनं गणित आणि विज्ञान हा अभियंत्याचा पाया मानला आणि त्या वाटेनं तंत्रशिक्षण खूप पुढे गेलं. १९५५ साली अमेरिकेत ग्रिंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालानं हेच मांडलं: मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी शास्त्र वाढवा. तेव्हापासून वर्कशॉपचे तास आक्रसत गेले. ते सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या पोरांना कंपनांचं गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि मशीन का थरथरतंय हे पाना फिरवून नुसतं चाचपडणाऱ्याआधी त्यांना उमगतं. २००० सालाच्या सुमारास स्वीडनमधली काही तंत्र विद्यापीठं आणि एमआयटी एकत्र आली आणि कल्पना, रचना, निर्मिती आणि चालवणं हे चारही टप्पे विद्यार्थ्याच्या हातून जावेत असा आग्रह त्यांनी धरला, म्हणजे लंबक थोडा परत आला. तरी लेकीला निव्वळ हातानं शिकवणारी जागा मला नको आहे. तिला अशी जागा हवी, जिथे समीकरण आणि हँडल यांच्यामधला रस्ता रोज तुडवला जातो.

हे सगळं मी माझ्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, आणि शेवटी मोठ्या अक्षरात: 'वर्कशॉपमुळे हे विद्यापीठ चांगलं.'

लेकीनं ते वाचलं आणि म्हणाली, "आई, तुझं कॉलेज असंच होतं ना?"

असंच होतं. पत्र्याची शेड, कूलंटचा आंबूस वास, निळा कोट. आत पाऊल टाकल्यावर मला एकोणीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं होतं आणि त्या आनंदात मी माप घेत होते. मायक्रोमीटर वापरण्याआधी तो पूर्ण मिटून पाहतात. मिटल्यावर रेघ शून्यावर यायला हवी. आली नाही तर जेवढी पुढे-मागे असेल त्याला आम्ही झिरो एरर म्हणतो, आणि प्रत्येक मापात तेवढी दुरुस्ती करतो. माझी झिरो एरर माझ्या लेकीनं एका वाक्यात दाखवून दिली.

मग मी तिचं दीड पान नीट, सावकाश वाचलं.

'वर्कशॉपच्या शेडमध्ये मुलींसाठी टॉयलेट नाही. विचारलं तर नव्या इमारतीत जा म्हणाले. चालत चार मिनिटं, परत चार.' 'सेफ्टी शूजच्या रॅकमध्ये सगळ्यात लहान जोडही मला मोठा.' 'लॅब आठला बंद होतात. पण जिन्यात भेटलेली ताई म्हणाली, इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम रजिस्टरमध्ये सही घेऊन किल्ली देतात.' 'त्याच ताईला विचारलं, परत निवडायचं झालं तर हेच निवडशील का? तिनं खूप वेळ विचार केला. मग म्हणाली, हेच निवडेन, पण पहिल्या वर्षी मदत मागायला एवढी लाजणार नाही.'

पहिल्या दोन ओळींवर माझे डोळे थांबले. मी त्या शेडमध्ये तासभर होते. हँडलची झीज पाहिली, डायलवरचे आकडे पाहिले. हे मात्र दिसलं नाही. बावीस वर्षं अशाच शेडमधून मी चार मिनिटं चालत गेले आणि चार मिनिटं परत आले आहे. पाणी कमी प्यायचं, वेळ सांभाळायची, हे कधी अंगवळणी पडलं ते मलाही आठवत नाही. सवयीनं जे दिसेनासं होतं, ते तिला पहिल्याच दिवशी दिसलं. मला भरून आलं. तिला ते दिसतंय याचा आनंदही झाला आणि अजूनही दिसण्यासारखं आहे याचं दुःखही.

तिच्या पानावरची शेवटची नोंद अशी होती: 'एका वर्गाचं दार उघडं होतं. एक मुलगा फळ्यावर सोडवत होता, तो अडला. सर शेवटच्या बाकावर बसले होते. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. कुणी हसलं नाही. मग त्यानंच मागची एक ओळ पुसली.'

"ही का लिहिलीस?" मी विचारलं.

"माहीत नाही गं. आमच्या वर्गात असं कधीच होत नाही. कुणी अडलं की लगेच कुणीतरी उत्तर सांगून टाकतं, नाहीतर हसतं."

त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं माप तिनं घेतलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्या वर्गाचं दार आमच्यासाठी कुणी उघडून ठेवलं नव्हतं. आत काय चाललंय ते दाखवायला कुणी सजवलं नव्हतं. बाकाखालची पेटी आणि तो वर्ग, या दोन जागी आम्ही दोघींनी, एकमेकींना न विचारता, एकच गोष्ट टिपली होती: इथे माणूस चुकतो तेव्हा पुढे काय होतं. दोन मोजणाऱ्यांची रीडिंगं जिथे जुळतात, तिथे मी पेन टेकवते.

इमारतीबद्दल आमचं थोडं वाजलं. तिला काचेची इमारत आवडली होती, आणि त्यात काही गैर नाही. उजेड, मोकळी हवा, बसायला नीट जागा यांनीही शिकणं सोपं होतं. मी तिला एमआयटीच्या २० क्रमांकाच्या इमारतीबद्दल सांगितलं. युद्धकाळात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी घाईघाईनं उभी केलेली तीन मजली लाकडी इमारत. तात्पुरती म्हणून बांधली आणि १९९८ पर्यंत टिकली. तिथल्या लोकांना भिंत पाडायला, तार ओढायला कुणाला विचारावं लागत नसे. जेरॉल्ड झकारायस यांनी अणुघड्याळावर काम करताना उंची हवी म्हणून मधल्या दोन मजल्यांची जमीनच काढून टाकली होती. आपल्याकडे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले वर्ग १९५१ साली हिजलीच्या जुन्या बंदिशाळेच्या इमारतीत भरले. "म्हणजे इमारत वाईटच हवी, असं का?" लेकीनं विचारलं. नाही. इमारतीला हात लावायची मुभा हवी. काचेच्या इमारतीत भिंतीला खिळा ठोकायला किती सह्या लागतात, ते आपण विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये डायलवर आकडे ठोकायला एकही लागली नव्हती.

वाचनालय आम्ही घाईत पाहिलं. पुस्तकं उघड्या मांडण्यांवर होती आणि टेबलं भरलेली होती, एवढंच सांगू शकते. हॉस्टेलबद्दल तर काहीच नाही, कारण आम्हाला दाखवलेली खोली रिकामी होती आणि रिकाम्या खोलीवरून माणसं कशी राहतात ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकबाईंचा ईमेल आला. मध्यक सरासरीपेक्षा बराच खाली होता. त्यांनी तो लपवला नव्हता, किती विद्यार्थ्यांवरून काढला तेही लिहिलं होतं, आणि उच्च शिक्षणाला गेलेल्यांना वगळल्याचंही. मी तो ईमेल लेकीला वाचायला दिला. तिनं आकड्याकडे पाहिलं, मग शेवटच्या ओळीकडे. 'आणखी काही विचारायचं असल्यास जरूर विचारा.'

आम्ही अजून ठरवलेलं नाही. अजून दोन ठिकाणं पाहायची आहेत, आणि इथेही एकदा परत जायचंय, या वेळी उन्हाच्या दिवशी, न कळवता, परीक्षा तोंडावर आलेल्या आठवड्यात. एका रीडिंगवर मी कारखान्यात जॉब पास करत नाही, नापासही करत नाही.

निघताना त्या इन्स्ट्रक्टरनी पेटीतला एक जॉब लेकीच्या हातात ठेवला होता. वीतभर लांबीचा शाफ्ट, एका टोकाला पायरी काढलेली, वर पिवळा ३७. "ने. तुझ्यापेक्षा वर्षानं मोठ्या मुलाचा आहे," एवढंच म्हणाले. तो आता तिच्या टेबलावर असतो. काल रात्री मी झोपायला जाताना तिच्या खोलीत दिवा दिसला. माझा मायक्रोमीटर काढून ती बसली होती. आधी तो पूर्ण मिटून शून्य पाहिलं, मग पायरीवर तीन वेगळ्या जागी माप घेतलं आणि वहीत तीनही आकडे लिहिले. २४.८७, २४.८७, २४.८८.

"आई, याला दुसरा तुकडा दिला असेल का गं?"

"कुणाला?"

"सदतीसला. हा बिघडल्यावर. की तसंच पुढे जायला लावलं असेल?"

मी तासभर त्या शेडमध्ये होते. पेटी पाहिली, वही वाचली, नोंदी उतरवून घेतल्या. हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तिनं लॅपटॉप ओढला आणि प्राध्यापकबाईंच्या ईमेलला उत्तर लिहायला घेतलं. पहिली ओळ तीनदा खोडली. मग लिहिलं: 'मॅडम, पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ज्याचा जॉब बिघडतो, त्याला नवीन मटेरियल मिळतं का, आणि ते करायला वेगळा वेळ मिळतो का?'